जहाजाच्या आधी पोहोचणारे कागद

दूधगंगा सह्याद्रीत उगम पावते आणि जवळच असलेल्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहू लागते. सदलग्याच्या शिवाराजवळून जाताना तिचा ओढा कृष्णेकडे असतो. तिच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसाची तऱ्हा मात्र उलट आहे. ज्या वर्षी सरकार साखरेच्या निर्यातीस मोकळीक देते, त्या वर्षी या खोऱ्यातली साखर पश्चिमेची वाट धरू शकते. निपाणीला महामार्ग लागला की कोल्हापूर, सातारा, पुणे मागे टाकीत ट्रक न्हावाशेव्याला जातो. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतले ओतीव सुटे भाग आणि इचलकरंजीचे कापड यांचीही वाट बहुतांशी हीच. म्हणून समुद्र येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असला, तरी बंदरात काय चालते हा विषय सदलग्याला परका मानण्याचे कारण नाही.

मी आज बोलणार आहे तो जहाजांविषयी किंवा अजस्र याऱ्यांविषयी नव्हे. मालाबरोबर, किंबहुना मालाच्या आधी, एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी जी माहिती असते, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे; आणि ती माहिती हाताळणाऱ्या माणसांना शिकवावयाचे कोणी, हा त्याला लागूनच येणारा प्रश्न आहे.

वीस फूट लांबीची लोखंडी पेटी आपण महामार्गावर पाहतो. तिला आता सारे कंटेनरच म्हणतात. तीत पन्नास किलोची पाचशे पोती भरली, तर पंचवीस टन साखर झाली. ही पेटी परदेशी पोहोचेपर्यंत तिच्याविषयी किती जणांना काय काय ठाऊक असावे लागते, याचा हिशेब करून पाहा. कारखान्याला पोत्यांची संख्या हवी. ट्रकमालकाला कोणत्या दारातून आणि किती वाजता आत जावयाचे ते हवे. बंदराच्या दाराशी ‘फॉर्म १३’ तयार नसेल तर ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला चूल मांडून बसतो. कस्टम्सला मालाचा प्रकार, किंमत व सील क्रमांक हवा. जहाजावरच्या अधिकाऱ्याला वजन हवे, कारण जड पेटी खाली आणि हलकी वर ठेवावयाची असते. पलीकडच्या बंदराला हे सारे जहाज येण्यापूर्वी हवे, आणि खरेदीदाराच्या बँकेला जहाजाची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, हाती आल्यावाचून पैसे सोडता येत नाहीत. माल एकच, पण त्याची हकीकत सात-आठ ठिकाणी लिहिली जाते. पूर्वी प्रत्येक जण ती आपल्या वहीत, आपल्या पद्धतीने, आपल्या अक्षरात लिहीत असे. एका ठिकाणी एक आकडा चुकला की पेटी अडली, आणि अडलेल्या पेटीचे भाडे तर दिवसागणिक वाढतच असते.

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात बेळगावकडचा माल आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्यास उतरे आणि तेथून गलबतांनी मुंबईस जाई. १८८० नंतरच्या दशकात रेल्वे बेळगावास आली, मुरगावाशी जोडली गेली, आणि वेंगुर्ल्याचा तो व्यापार ओसरला. त्या काळी पैशाचा व्यवहार हुंडीने होई. हुंडीचा मजकूर ठराविक साच्याचा असे. रक्कम एकदा लिहून तिची निमपटही लिहीत, म्हणजे कोणी आकडा खोडून वाढवला तर लगेच उघडकीस यावे. साचा ठरलेला असल्यामुळे एका गावच्या पेढीने लिहिलेला कागद दूरच्या, अनोळखी पेढीला वाचता येई. आजच्या बंदरांतील माहिती तंत्रज्ञानाचे मर्म याहून फारसे निराळे नाही. यंत्रे नवी आहेत, परंतु कठीण भाग यंत्राचा नाहीच. निरनिराळ्या देशांनी एकाच साच्यात लिहावयाचे कबूल करणे, हा कठीण भाग आहे.

कंटेनरच्या दारावर चार रोमन अक्षरे आणि सात आकडे रंगविलेले असतात. त्यांतली पहिली तीन अक्षरे मालकाची खूण होत. ती पॅरिस येथील एका आंतरराष्ट्रीय कार्यालयात नोंदवावी लागतात. हे कार्यालय १९३३ साली स्थापन झाले, म्हणजे आजचा कंटेनर जन्मास येण्याच्या कितीतरी आधी. चौथे अक्षर पेटीचा वर्ग सांगते. पुढचे सहा आकडे तिचा अनुक्रम. राहिला शेवटचा, सातवा आकडा. तो मोठा गमतीचा आहे. तो कोणी मनाने दिलेला नसतो, आधीच्या दहा चिन्हांतून तो गणिताने निघतो. प्रत्येक अक्षराला एक मूल्य ठरवून दिले आहे. ‘ए’ म्हणजे दहा, ‘बी’ म्हणजे बारा. अकराने भाग जाणाऱ्या संख्या गाळलेल्या आहेत. पहिल्या चिन्हाला एकाने गुणावयाचे, दुसऱ्याला दोनाने, तिसऱ्याला चाराने, चौथ्याला आठाने, असे दुप्पट दुप्पट करीत दहाव्यापर्यंत जावयाचे. साऱ्यांची बेरीज करून तिला अकराने भागावयाचे. जी बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी दहा उरली तर शून्य लिहावयाचे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारकुनाने घाईत ३८ ऐवजी ८३ लिहिले, तर बाकी बदलते. संगणक तत्काळ सांगतो की हा क्रमांक असू शकत नाही. अशी एका आकड्याची किंवा शेजारच्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीची चूक जवळजवळ नेहमीच पकडली जाते. आपल्या जुन्या पेढीवाल्यांना ही युक्ती फार आवडली असती.

गावांच्या नावांचेही असेच. न्हावाशेवा हे नाव कोणी कसे लिहील, कोणी कसे. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा येथील आर्थिक आयोगाने जगातील बंदरांना पाच अक्षरी संकेत दिले आहेत. त्यांत पहिली दोन अक्षरे देशाची, पुढची तीन गावाची. न्हावाशेव्याचा संकेत ‘आयएनएनएसए’, बेल्जियममधील अँटवर्पचा ‘बीईएएनआर’. त्याच आयोगाच्या पुढाकाराने संगणकांनी एकमेकांस पाठवावयाच्या व्यापारी संदेशांचा साचा ठरला आणि १९८७ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. जहाजात कोणती पेटी कोणत्या खणात, कोणत्या थरावर आहे, याचा सारा नकाशा त्या साच्यातून एका बंदराहून दुसऱ्या बंदराकडे जातो. चीनमध्ये भरलेले जहाज हॅम्बुर्गला रिकामे करणाऱ्या माणसाला चिनी यावे लागत नाही, ते यामुळे.

पण साचा कितीही उत्तम असला, तरी त्यात खोटे भरले तर काय? १८ जानेवारी २००७ रोजी ‘एमएससी नापोली’ नावाचे कंटेनर जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडले आणि त्याच्या सांगाड्यास तडा गेला. मुख्य दोष जहाजाच्या बांधणीत होता, असे चौकशीत ठरले. परंतु त्याच चौकशीत डेकवरच्या, कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० पेट्यांचे वजन करून पाहण्यात आले. त्यांपैकी १३७ पेट्यांचे खरे वजन आणि कागदावरचे वजन यांत तीन टनांहून अधिक अंतर निघाले. पाचांतली एक पेटी खोटे बोलत होती! पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नियम केला, आणि १ जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचे प्रत्यक्ष वजन करून, ते सही करून कळविल्याशिवाय ती जहाजावर चढवता येत नाही. हा नियम लंडनमध्ये झाला. पण त्याचे पालन कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या एखाद्या काट्यावर रात्री अकरा वाजता होते किंवा होत नाही. काट्यावरच्या त्या मुलाला, आपण लिहितो तो आकडा कोणाच्या जिवाशी निगडित आहे, हे कोणी सांगितलेले असते का?

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याच किनाऱ्याचे आहे. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. खलाशी वाचले. मग प्रश्न उभा राहिला तो एकच, की या पेट्यांत आहे काय? १३ पेट्यांत धोकादायक माल आणि आणखी १२ पेट्यांत कॅल्शियम कार्बाइड असल्याचे तटरक्षक दलाने सांगितले. कार्बाइड पाण्याशी मिळाले की पेट घेणारा वायू निघतो, हे वेल्डिंगच्या दुकानात काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे. किनाऱ्यावर वाहून आलेल्या पेटीजवळ जावे की न जावे, हे कोळ्यांना सांगावयाचे तर हाती यादी हवी आणि ती खरी हवी. अशा दिवशी माहिती ही व्यापाराची सोय उरत नाही.

आता न्हावाशेव्याकडे वळू. उरण तालुक्यातील हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातून समुद्रमार्गे होणाऱ्या कंटेनर-व्यापाराचा फार मोठा वाटा ते उचलते. परदेशांशी सहकार्य ही तेथे समारंभाची बाब राहिलेली नाही. धक्क्यांचाच कारभार पाहा. एक टर्मिनल चालविणाऱ्या कंपनीचे मूळ डेन्मार्कच्या उद्योगसमूहात, तर दुसरे २०१८ मध्ये सिंगापूरच्या कंपनीने सुरू केले. २०१६ मध्ये याच बंदरापासून कंटेनरला एक लहानशी रेडिओ-पट्टी लावण्याची पद्धत सुरू झाली. बंदराच्या दाराशी, टोलनाक्यांवर, डेपोत बसविलेली यंत्रे ती पट्टी वाचतात आणि आपली पेटी कोठे आहे ते मालधन्याला कळते. हे काम करणारी संस्था भारत सरकारचा औद्योगिक मार्गिका न्यास आणि जपानची एनईसी कंपनी यांनी भागीदारीत उभी केली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इंडियन पोर्ट्स असोसिएशनने बंदर, कस्टम्स, जहाज कंपन्या व एजंट यांना एका जाळ्यात आणणारी सुधारित व्यवस्था सुरू केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा विस्तार राष्ट्रीय पातळीवरील सागरी पोर्टलमध्ये झाला. जहाज येण्या-जाण्याचे सारे कागद एकाच खिडकीत, संगणकावरून स्वीकारणे १ जानेवारी २०२४ पासून सदस्य देशांवर बंधनकारक आहे. या विषयावरचा मूळ करार १९६५ सालचा. खिडकी एक व्हावयास जवळजवळ साठ वर्षे लागली, यावरून खात्याखात्यांतील भिंती किती जाड असतात ते कळावे.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही परदेशी हात आहे. अँटवर्प हे समुद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटर आत, शेल्ट नदीवर वसलेले बंदर. तेथे १९७७ पासून इतर देशांतील बंदर-अधिकाऱ्यांना शिकविणारी संस्था चालत आली आहे. जवाहरलाल नेहरू बंदर आणि ही संस्था यांनी मिळून २०१० नंतरच्या दशकात न्हावाशेव्यास एक प्रशिक्षण केंद्र उभारले. भारतीय बंदरांतील अधिकाऱ्यांना बेल्जियमला न जाता येथेच ते शिक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. मात्र अशा वर्गांत बसतो तो बहुधा अधिकारी. फॉर्म १३ भरणारा कारकून, वजनकाट्यावरचा मुलगा, सील ठोकणारा मुकादम यांच्यापर्यंत हे ज्ञान झिरपत नाही. जहाजाचे भवितव्य मात्र त्यांच्या आकड्यांवर अवलंबून असते.

हे सारे जाळे एका क्षणात फाटले तर काय होते, याचा अनुभव २७ जून २०१७ रोजी आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या संगणक-प्रणालीतून शिरलेल्या विध्वंसक प्रोग्रामने जगभर थैमान घातले. त्यात डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले आणि त्यांच्याबरोबर न्हावाशेव्याचे, त्याच समूहाचे, टर्मिनलही. यारी शाबूत, धक्का शाबूत, माणसे हजर. पण कोणती पेटी कोणाची आणि कोठे जावयाची, हे सांगणारे कोणी नाही! काम हाताने करण्याची वेळ आली आणि जहाजे दुसऱ्या टर्मिनलकडे वळवावी लागली. कंपनीला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

या प्रसंगातला एक तपशील मला सांगितल्यावाचून राहवत नाही. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा पाया असलेली नोंद जगभरच्या सर्व प्रमुख संगणकांवरून पुसली गेली होती. ती एकाच ठिकाणी शिल्लक राहिली. ते ठिकाण म्हणजे आफ्रिकेतील घाना. तेथील वीज नेमकी हल्ल्यापूर्वी गेली होती, म्हणून तो संगणक बंद होता आणि वाचला. आपल्याकडे वीज गेली की आपण ज्या शब्दांत तिचा उद्धार करतो, ते शब्द त्या दिवशी कोपनहेगनमध्ये कोणी उच्चारले नसतील. पुढची गंमत अशी की तारांवरून एवढी माहिती लवकर पाठवता येईना, आणि घानातील कोणापाशी इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने ती डबी विमानाने नायजेरियाला नेली, तेथल्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. एकविसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचे प्राण अखेर जासुदाच्या पिशवीतून परत आले.

अशा वेळी उपयोगी पडतो तो पडद्यावरची बटणे पाठ केलेला माणूस नव्हे. पडद्यामागे काय चालले आहे हे ज्याला कळते, प्रसंगी कागद-पेन्सिल घेऊन जो यादी करू शकतो, तो. असा माणूस तयार करणे म्हणजे प्रशिक्षण.

येथे एक विलक्षण विसंगती आहे, आणि माझ्या मते या विषयाची खरी मेख तीच होय. जहाजावर काम करणाऱ्याने काय शिकले पाहिजे, हे जगाने एकत्र बसून ठरविले आहे. मुंबईच्या बंदरात १९२७ साली ‘डफरिन’ या जहाजावर भारतीय मुलांना नौकाधिकारी करण्याचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा प्रत्येक देशाची रीत निराळी होती. १९७८ मध्ये नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि जहाजावरील पहारा यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या वेळी सागरी संघटनेचे सरचिटणीस चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव हे होते. मुंबईतील शिपिंग कॉर्पोरेशनचे पहिले प्रमुख ते हेच. त्यांच्याच कारकिर्दीत, १९८३ साली, स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ निघाले. आज भारतात मिळालेले नाविकाचे प्रमाणपत्र नॉर्वेच्या जहाजावर चालते, कारण त्यामागे हा करार आहे.

किनाऱ्यावरच्या माणसासाठी असा सर्वंकष करार नाही. धोकादायक माल हाताळणाऱ्या किनाऱ्यावरील नोकरांना शिकवलेच पाहिजे, एवढे बंधन २०१० पासून आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने बंदर-कामगारांसाठी चांगले पाठ तयार केले आहेत, पण ते ऐच्छिक. बाकी साऱ्या कामांसाठी, म्हणजे माहिती भरणे, तपासणे, पाठविणे यांसाठी, कोणी काय शिकावे हे बाजार ठरवितो.

बाजार ठरवितो म्हणजे काय होते? तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन, भिंतीवर जहाजाचे मोठे चित्र लावून, ‘लॉजिस्टिक्स डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशी पाटी लावता येते. उसाचे बिल आले की वडील मुलासाठी पैसे भरतात. मुलगा सहा महिने इंग्रजी शब्दांच्या व्याख्या पाठ करतो. तो घरी मराठी बोलतो, चिक्कोडीच्या कचेरीत कन्नड आणि ड्रायव्हरशी हिंदी. तीन भाषांत व्यवहार करणारा हा मुलगा बंदराच्या कामास उत्तम लायक आहे. परंतु त्याला समजेल अशा भाषेत तो विषय सांगणारे पाठ नाहीत. अँटवर्प आणि न्हावाशेवा यांच्यामधले अंतर कापले गेले, न्हावाशेवा आणि सदलगा यांच्यामधले राहिले. परदेशांशी होणाऱ्या पुढच्या करारांत, शिकविलेला भाग मराठी आणि कन्नड या भाषांतून उपलब्ध करण्याचे कलम घातले तर त्याला लागणारा खर्च एखाद्या यारीच्या चाकाइतकाही नसेल.

तोपर्यंत पालकांनी काही गोष्टी स्वतःच पाहाव्यात. मुलाला जहाजावर पाठवावयाचे असेल, तर मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, ती पाहावी; जाहिरातीतील नाव त्या यादीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावे. जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या संस्थेला त्याच कचेरीचा परवाना लागतो, आणि नोकरी दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्याची मुभा परवानाधारकासही नाही. जो लाखाची मागणी करतो, त्याचा परवाना खरा असला तरी व्यवहार खोटा आहे.

किनाऱ्यावरच्या कामाचा वर्ग असेल, तर अशी यादी हाताशी नसते. तेथे एक साधी परीक्षा सुचवतो. महामार्गावरून जाणाऱ्या कोणत्याही कंटेनरचा क्रमांक कागदावर उतरून न्यावा, शिकविणाऱ्यापुढे ठेवावा आणि त्यातला शेवटचा आकडा कोठून आला ते फळ्यावर करून दाखवावयास सांगावे. जाणणाऱ्यास ते पाच मिनिटांचे काम आहे. फी त्यानंतर भरावी.